शेवाळाच्या अर्काने पेशी घटल्या, म्हणजे औषध सापडलं का?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सारगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ गोळा केलं, वाळवून दळलं आणि मिथेनॉलमध्ये अर्क काढला. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरपेशींवर तो ४८ तास ठेवून एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी केली. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला ९ टक्के, २५० ला ४१ टक्के आणि ५०० ला ७८ टक्के पेशी मेल्या. शेवाळातलं फ्युकॉयडन कॅन्सरवर गुणकारी असल्याचं सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणजे माझ्या अर्कातही तेच काम करत असणार. 'कॅन्सरवरील संभाव्य औषध' असं प्रबंधात लिहू का? हातात सहा महिने आहेत, पुढे काय करावं? आणखी एक. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे, केमोथेरपी चालू आहे. तिने फ्युकॉयडनच्या कॅप्सूल मागवल्या आहेत आणि मला विचारते, घेऊ का? घरात कुणीतरी असंही म्हणालं की तू काढलेला अर्कच दे. तिला काय सांगू?

उत्तर : मावशींचा प्रश्न आधी घेऊ. प्रबंध थांबू शकतो, केमोची पुढची फेरी थांबत नाही.

तुम्ही काढलेला अर्क त्यांच्या पोटात थेंबभरही जाता कामा नये. घरात कुणी कितीही आग्रह केला तरी यावर ठाम राहा. रोटरी इव्हॅपोरेटरवर मिथेनॉल उडवलं तरी चिकट अर्कात ते थोडंफार अडकून राहतं, आणि शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होऊन डोळ्याच्या नसेला इजा होते. दुसरी काळजी आर्सेनिकची. सारगॅसमच्या काही जाती समुद्राच्या पाण्यातलं आर्सेनिक शोषून साठवतात, तेही असेंद्रिय, म्हणजे जास्त विषारी रूपात. सारगॅसम फ्युजिफॉर्मे ही त्यातलीच एक जात हिजिकी या नावाने खाल्ली जाते. ती खाऊच नका, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न नियामक संस्थेने २००४ मध्ये लोकांना दिला होता. आर्सेनिकची संयुगं मिथेनॉल आणि पाण्यात सहज उतरतात, त्यामुळे अर्क काढताना ती मागे राहतील असं समजू नका.

विकत मिळणाऱ्या कॅप्सूलची गोष्ट थोडी वेगळी आहे, तरी माझा सल्ला स्पष्ट आहे : मावशींच्या कॅन्सरतज्ज्ञांनी बाटली हातात घेऊन, लेबल वाचून होकार दिल्याशिवाय केमोच्या काळात त्या सुरू करू नयेत. याला दोन ठोस कारणं आहेत.

पहिलं कारण रक्तस्राव. फ्युकॉयडन म्हणजे सल्फेट लागलेल्या साखरेची लांब साखळी. हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषधही तशाच घडणीचं आहे, आणि चाचणीनळीत फ्युकॉयडनही रक्त गोठायला लागणारा वेळ वाढवतं. तोंडावाटे घेतल्यावर हा परिणाम बराच कमी होतो हे खरं. पण केमोमध्ये प्लेटलेट्स घसरतात, अनेकांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतात, मध्येच पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली ठेवतात ते साधन) बसवायचा किंवा शस्त्रक्रिया व्हायची असते. अशा वेळी छोटी भरही महागात पडू शकते. अख्ख्या शेवाळाची पूड असेल तर उलटाही घोळ होतो : तिच्यातलं व्हिटॅमिन के वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करू शकतं.

दुसरं कारण आयोडीन. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. युरोपात दिवसाची कमाल मर्यादा ६०० धरतात. केल्प गटातल्या तपकिरी शेवाळाच्या एकेका ग्रॅमात हजारो मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकतं, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची एक कॅप्सूलही मर्यादा ओलांडू शकते. शुद्ध केलेल्या फ्युकॉयडनमध्ये ते बरंच कमी असतं. म्हणून लेबलवर 'फ्युकॉयडन अर्क' आहे की 'शेवाळाची पूड' आहे, याने फार फरक पडतो. जास्त आयोडीनने थायरॉइड बिघडली तर धडधड, घाम, थकवा, वजनात बदल अशी लक्षणं दिसतात, आणि केमोच्या काळात ती केमोच्याच खात्यावर टाकली जातात. मूळ कारण सापडायला मग महिने जातात. (हे वाचणाऱ्यांत कुणाला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं असेल, तर शेवाळाचं कोणतंही उत्पादन आजच बंद करून तसं डॉक्टरांना सांगा. त्या उपचाराआधी एक-दोन आठवडे आयोडीन मुद्दाम कमी ठेवतात आणि एका कॅप्सूलने ती सगळी तयारी वाया जाऊ शकते.)

माणसांवर काही अभ्यास झालेत का, असं मावशी विचारतील. झाले आहेत, छोटे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना उंडारिया शेवाळातलं फ्युकॉयडन, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे दिलं. या गोळ्यांची रक्तातली पातळी लक्षणीय बदलली नाही. हे दिलासादायक आहे, पण त्यात तपासल्या त्या हार्मोनविरोधी गोळ्या, आणि मावशी आत्ता केमोवर आहेत. २०१७ मध्ये आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ५४ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कमी रेणुभाराचं फ्युकॉयडन मिळालेल्या गटात रोग आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण जास्त होतं, पण त्या गटातले लोक जास्त जगले असं सिद्ध झालं नाही. एवढ्या पुराव्यावर कुणाला 'घ्या' म्हणता येत नाही.

तेव्हा मावशींना सांगा की बाटली फेकायचीही गरज नाही आणि लपवायचीही नाही. पुढच्या भेटीला ती सोबत न्या. एका कागदावर इतकं लिहून ठेवा : शेवाळाच्या जातीचं नाव, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम फ्युकॉयडन, आयोडीन किती, आर्सेनिक-कॅडमियम-शिशाची तपासणी झाल्याचा दाखला आहे का, चालू असलेली इतर सगळी औषधं आणि शेवटचा प्लेटलेट्सचा आकडा. यातली पहिली चार माहिती लेबलवर किंवा उत्पादकाकडे मिळत नसेल तर ती कॅप्सूल घेऊ नये, मग डॉक्टरांना विचारायचीही गरज उरत नाही. त्यांनी घ्यायला सुरुवात केलीच असेल तर थांबवा, डॉक्टरांना तारीख सांगा. हिरड्यांतून रक्त, कारणाशिवाय काळेनिळे डाग, काळी शी यांपैकी काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

आणि त्यांना हेही विचारा, की कॅप्सूलकडून त्यांना नेमकं काय हवंय. थकवा कमी व्हावा, भूक लागावी, रात्री झोप यावी, की आजार परत येण्याची भीती? उपचारांच्या काळात आपल्याही हातात काहीतरी असावं असं वाटणं अगदी साहजिक आहे. थकवा आणि मळमळ यांवर आज चांगले, तपासलेले उपाय आहेत, पण रुग्ण बोलले नाहीत तर ते दिले जात नाहीत.

आता तुमचा प्रकल्प. सुरुवात एका नकाराने करावी लागतेय : तुमच्या अर्कात फ्युकॉयडन जवळपास नाहीच. ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. मिथेनॉलमध्ये उतरलं ते हरितद्रव्य, फ्युकोझँथिन हे तपकिरी रंगद्रव्य, मेदाम्लं, फ्युकोस्टेरॉल, फ्लोरोटॅनिन ही पॉलिफेनॉलं, मॅनिटॉल, मीठ, आणि नशीब असेल तर सारगॅसममध्ये आढळणारी प्लास्टोक्विनोनसारखी संयुगं. अर्क गाळल्यावर उरलेला चोथा फेकला नसेल अशी आशा आहे. फ्युकॉयडन त्यात आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. तुमच्या तीन मात्रांवरून आयसी५०, म्हणजे चाचणीतला संकेत निम्म्यावर आणणारी मात्रा, सुमारे ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर येते. (पुढे नुसतं मायक्रोग्रॅम लिहीन, ते प्रति मिलिलिटर समजा.) नैसर्गिक अर्कांच्या चाळणीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेपासून रूढ झालेला निकष असा, की कच्च्या अर्काचा आयसी५० साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे जावं, आणि शुद्ध संयुगाचा ४ च्या आत. तुम्ही त्याच्या दहापट लांब आहात. ही मर्यादा का, ते एका गणितातून दिसेल. माणसाच्या शरीरात साधारण तीन लिटर प्लाझ्मा असतो. त्यात ३०० मायक्रोग्रॅमची पातळी गाठायची तर ९०० मिलिग्रॅम पदार्थ एकाच वेळी रक्तात, न तुटता, प्रथिनांना न चिकटता असायला हवा. गोळीतला मोठा भाग आतड्यातून शोषलाच जात नाही, शोषलेला यकृत तोडतं, उरलेला साऱ्या शरीरात पसरतो. फ्युकॉयडनचंच पाहा. जपानमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मोझुकू शेवाळातलं फ्युकॉयडन प्यायल्यावर रक्तद्रवात त्याची पातळी १०० नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचली, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम. पेशींवरच्या कितीतरी प्रयोगांत ते १०० ते १००० मायक्रोग्रॅमला वापरलेलं असतं. तुम्ही 'सगळीकडे वाचता' ते बहुतेक या हजारपट-दहा हजारपट अंतराच्या अलीकडचं असतं.

५०० मायक्रोग्रॅमला पेशी मारणं अवघड नाही. मोकळी मेदाम्लं त्या मात्रेला साबणासारखी पेशीचं आवरण फाडतात. हरितद्रव्य साठवणीत बिघडून फिओफोर्बाइड तयार होतं आणि ते उजेडात पेशींना मारतं. प्लेट हाताळताना हुडचा दिवा किती वेळ चालू होता, यावरही मग निकाल बदलतो. मिठाने माध्यमाचं, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याचं, परासरण बिघडतं. फ्लोरोटॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. यांपैकी कशालाच कॅन्सरपेशी आणि साधी पेशी यांतला फरक कळत नाही.

आणि खरं तर तुमच्याकडे 'मेल्या' याचा पुरावाही अजून नाही. एमटीटी हा पिवळा रंग जिवंत पेशींतली विकरं (एन्झाइम) जांभळा करतात. ५७० नॅनोमीटरला मोजला जातो तो हा जांभळेपणा. पेशी मेली, किंवा जिवंत आहे पण वाढायची थांबली, किंवा तिचा चयापचय मंदावला, तिन्हींत आकडा घटतो. एमसीएफ-७ दुप्पट व्हायलाच साधारण दीड दिवस घेतात, त्यामुळे ४८ तासांत हा भेद दिसणं आणखी कठीण. शिवाय शेवाळातली पॉलिफेनॉलं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. तुमचा आकडा त्यामुळे वर गेलाय की खाली, हे आज सांगता येणार नाही.

तेव्हा पहिला महिना नवीन काही न शोधता याच प्रयोगाला द्या. मांडणी अशी करा. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये दर खड्ड्यात १०० मायक्रोलिटर माध्यमात ५,००० पेशी घाला आणि २४ तास चिकटू द्या. कडेच्या खड्ड्यांतलं पाणी उडतं आणि आकडे विस्कटतात, म्हणून तिथे पेशी न घालता नुसतं बफर भरा. मात्रा तीन पुरत नाहीत : १, ३, १०, ३०, १०० आणि ३०० मायक्रोग्रॅम घ्या. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असाल तर शेवटी त्याचं प्रमाण ०.५ टक्क्यावर जाऊ देऊ नका, आणि अर्क नसलेल्या खड्ड्यांतही तेवढाच डीएमएसओ घाला. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या मात्रांत खडे किंवा तेलकट थेंब दिसले तर ती मात्रा विरघळलेलीच नाही, तिचा आकडा वगळा. सोबत डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाची ओळ तुलनेसाठी ठेवा. त्याचा आयसी५० नेहमीच्या आसपास आला नाही तर त्या दिवशीची सगळी प्लेट बाद.

तीन खड्डे असे हवेतच : प्रत्येकात माध्यम, अर्क आणि एमटीटी, पण पेशी नाहीत. इथे जांभळा आला तर तो अर्काचा. एमटीटी घालण्याआधी पेशी बफरने हलक्या हाताने धुवून घेतल्या की हा त्रास बराच कमी होतो. एमटीटी शेवटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, तीन ते चार तास, मग द्रव काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ. द्रव काढताना सुटलेल्या पेशी आणि स्फटिकही निघून जातात. निकाल 'फार छान' येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

एक प्लेट अर्क घालायच्या क्षणीच थांबवून मोजा. ही शून्य तासाची प्लेट बहुतेक विद्यार्थी करत नाहीत आणि पूर्ण प्रयोगातली सर्वांत उपयोगी माहिती तीच देते. बाकीच्या प्लेट ४८ ऐवजी ७२ तास ठेवा. ७२ तासांनंतरचा आकडा शून्य तासाच्या खाली गेला तर पेशी मेल्या. वर पण नियंत्रणापेक्षा कमी राहिला तर वाढ मंदावली. शेवटी हाच प्रयोग सल्फोरोडॅमिन बी या प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगाने परत करा. तो विकरांवर अवलंबून नाही. दोन्ही पद्धती जुळल्या तर आकड्यावर विश्वास ठेवा. प्रत्येक मात्रेला तीन खड्डे म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशींवर, तीनदा.

पेशींची खातरजमाही करून घ्या : मायकोप्लाझ्मा या पेशींत लपून राहणाऱ्या जिवाणूची चाचणी आणि डीएनए-ओळख. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि पुढे ती मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरची निघाली. तिच्यावर बेतलेल्या कामाचं मोल त्यामुळे किती बदललं असेल याचा विचार करा. एमसीएफ-१०ए सारख्या कॅन्सर नसलेल्या स्तनपेशींवरही तोच अर्क तपासा. साध्या पेशींचा आयसी५० कॅन्सरपेशींच्या किमान तिप्पट यावा, त्याखाली निवडकपणाचा दावा करू नये, असं माझं मत. एमसीएफ-१०ए चं माध्यम वेगळं असतं, तेव्हा अर्क दोन्ही माध्यमांत सारखाच विरघळतो का, ते पाहा.

दुसऱ्या महिन्यापासून अर्क फोडायला, म्हणजे त्यातले घटक वेगळे करायला घ्या. कच्चा अर्क ३०० वर आहे, म्हणजे निराश व्हायचं कारण नाही. त्यात एक टक्का असलेलं संयुग शुद्ध केल्यावर ३ वर येऊ शकतं. २० ग्रॅम अर्क २०० मिलिलिटर ९० टक्के मिथेनॉलमध्ये घोळा, सेपरेटिंग फनेलमध्ये तेवढ्याच हेक्झेनने तीनदा धुवा. मेद, स्टेरॉल आणि बरंचसं हरितद्रव्य हेक्झेनमध्ये जाईल. मग पाणी घालून मिथेनॉल ६० टक्क्यांवर आणा आणि डायक्लोरोमिथेनने तीनदा काढा. उरलेल्यातलं मिथेनॉल उडवून ब्युटेनॉलने. शेवाळाचा अर्क जोरात हलवला की फेसाळ इमल्शन होतं आणि दोन थर तासन्‌तास सुटत नाहीत. फनेल हलवू नका, फिरवा. तरी झालंच तर मिठाचं संपृक्त पाणी घाला, नाहीतर सेंट्रिफ्यूज करा.

प्रत्येक भागाचं वजन आणि आयसी५० एका तक्त्यात मांडा. वजन भागिले आयसी५० केलं की त्या भागातली एकूण क्रियाशीलता मिळते. सगळ्या भागांची बेरीज मूळ अर्काच्या जवळ यायला हवी. ती निम्म्याहून खाली गेली तर संयुग वाटेत मोडलं, शुद्धीकरणाच्या स्तंभातल्या सिलिकाला चिकटलं किंवा दोन घटक मिळून काम करत होते. क्रियाशील भाग पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोन या पॉलिफेनॉलं धरून ठेवणाऱ्या भुकटीतून गाळा. त्यानंतर परिणाम नाहीसा झाला तर तो फ्लोरोटॅनिनचा होता, आणि तो माग तिथेच सोडा. टिकला तर मात्र उत्साह येण्यासारखं काहीतरी आहे. सगळं हेक्झेन थरात गोळा झालं तर आधी मेदाम्लांवर संशय घ्या. क्रियाशील भागाचं एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) लवकर करून घ्या आणि जीएनपीएस या माहीत असलेल्या संयुगांच्या मोफत संचात जुळवून पाहा. माहीत असलेलं संयुग चार महिने घालवून परत शोधण्यापेक्षा दोन दिवसांत ओळखलेलं बरं.

चोथ्यातलं फ्युकॉयडन हवं असेल तर ती वेगळी वाट आहे. एक भाग चोथा, वीस भाग २ टक्के कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, ८५ अंशांना चार तास. कॅल्शियममुळे अल्जिनेट, म्हणजे शेवाळातली दुसरी चिकट साखर-साखळी, घट्ट होऊन खाली बसते. हे वगळलंत तर हातात चिकट अल्जिनेट येतं आणि नाव मात्र फ्युकॉयडनचं लागतं. वरच्या द्रवात अल्कोहोल ७० टक्के होईपर्यंत घाला, साका डायलिसिस करून (म्हणजे पडद्यातून छोटे रेणू काढून टाकून) गोठवून वाळवा. मग फ्युकोज, सल्फेट आणि रेणुभार मोजा. हे तीन आकडे नसतील तर 'फ्युकॉयडन' या शब्दाला फारसा अर्थ नाही, कारण जात, ऋतू आणि काढण्याची पद्धत बदलली की रेणूच बदलतो. त्यावरून 'प्रतिकारशक्ती वाढते' असं काही म्हणायचं असेल तर जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (प्रतिकारशक्तीला स्वतःच चेतवणारं विष) त्यात नाही ना, हे आधी दाखवा. नेहमीची एलएएल चाचणी शेवाळातल्या बीटा-ग्लुकॅनलाही उत्तर देते, म्हणून रिकॉम्बिनंट फॅक्टर सी ही चाचणी वापरा.

सहा महिन्यांत औषध होणार नाही. समुद्री शेवाळातून थेट आलेलं, मान्यता मिळालेलं कॅन्सरचं औषध आजवर एकही नाही. समुद्राने औषधं दिली आहेत, पण इतर जिवांतून : स्पंजातल्या संयुगांवरून सुचलेलं सायटाराबिन १९६९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, स्पंजातल्याच हॅलिकॉन्ड्रिनवरून बेतलेलं एरिब्युलिन २०१० मध्ये. शेवाळ कुठे अडलं ते दोन उदाहरणांत दिसतं. फिलिपिन्सच्या पोर्टिएरिया हॉर्नेमानी या लाल शेवाळातून १९९२ मध्ये हॅलोमॉन मिळालं. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेच्या ६० पेशीमालिकांवर त्याच्या परिणामाचा ठसा आधीच्या औषधांहून वेगळा होता, म्हणून ते पुढच्या विकासासाठी निवडलं गेलं. पण त्याच शेवाळाच्या पुढच्या खेपांत ते पुरेसं मिळेना, आणि पुरवठ्यापाशी काम अडलं. दुसरं कहालालाइड एफ, १९९३, हवाई. ब्रायोप्सिस हे हिरवं शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायीत ते सापडलं, माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं आणि पुरेसा परिणाम न दिसल्याने थांबलं. ते बनवतो शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू, हे कळायला २०१९ उजाडलं.

म्हणून तुमच्या प्रबंधात सर्वांत जास्त टिकणारं पान कदाचित गोळा करण्याच्या नोंदींचं असेल. नुसतं 'सारगॅसम' पुरत नाही. या गटात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती खूप आहेत. दाबून वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जमा करून क्रमांक घ्या. चिमूटभर तुकडा सिलिका जेलमध्ये डीएनएसाठी, आणखी थोडं ताजं उणे ८० अंशांना. तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, भरती-ओहोटी, वर चिकटलेली इतर शेवाळं काढली का, गोड्या पाण्यात किती मिनिटं धुतलं, सावलीत वाळवलं का, आणि गोळा करण्याची परवानगी.

प्रबंधातलं वाक्य मी असं लिहीन : 'या नमुन्याच्या मिथेनॉल अर्कामुळे ४८ तासांनंतर एमसीएफ-७ पेशींचा एमटीटी संकेत मात्रेनुसार घटला, आयसी५० सुमारे ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. कच्च्या अर्कासाठी ही क्रियाशीलता क्षीण आहे. कारणीभूत घटक ओळखलेला नाही.' परीक्षक यावर गुण कापणार नाहीत. 'संभाव्य औषध' लिहिलंत तर पहिलाच प्रश्न त्यावर येईल, आणि मावशींसारखं कुणीतरी ते वाक्य खरं मानून वाचेल.

उरलेल्या कच्च्या अर्काचा एक तृतीयांश भाग आजच नायट्रोजन भरून, गडद बाटलीत, उणे २० अंशांना वेगळा ठेवा आणि त्याला हात लावू नका. पाचव्या महिन्यात एखादा निकाल परत मिळेनासा झाला की त्याचीच गरज पडेल. एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राची वेळ मात्र आत्ताच मागून ठेवा. शुद्ध संयुग एक-दोन मिलिग्रॅम हाती आलं तरी पुरतं, पण यंत्रापुढची रांग तुमच्या सोयीने हलत नाही.